देव्हाऱ्यांतील नाणें आणि निसिबिस नगरी

आमच्या वाईच्या घरीं देव्हाऱ्यांत, बाळकृष्ण व अन्नपूर्णा ह्यांच्या मागें, टाकांच्या ओळींत एक काळपट हिरवें नाणें असे. तें कोणीं व केव्हां आणलें ह्याविषयीं घरांत दोन मतें नव्हतीं. आमचे पणजोबा, ज्यांना लहानथोर सर्वच तात्या म्हणत, पहिल्या महायुद्धांत मेसापोटेमियांत गेले होते आणि परत येतांना त्यांनीं तें आणलें, एवढें सर्वांस ठाऊक होतें. आणि एवढेंच ठाऊक होतें.

नाण्याच्या एका बाजूस कोणा पुरुषाचा झिजलेला मुखवटा. दुसऱ्या बाजूस मात्र एक सबंध देखावा होता. चार खांबांचें देऊळ, त्यांत बसलेली एक स्त्री, तिच्या मस्तकावर उडी घेणारा चतुष्पाद प्राणी आणि तिच्या पायांखालीं हात पसरलेला एक लहानसा पुरुष. आमच्या यमूआत्यांनीं ह्या चित्राचा अर्थ फार पूर्वीं लावून टाकला होता. बसलेली ती देवी, पायांखालचा तो महिषासुर, आणि वरचा प्राणी म्हणजे नवरात्रांतील बळीचा बकरा. सोवळ्यांतल्या पूजेंत त्या नाण्यास दररोज हळदकुंकू मिळे आणि दिवाळीच्या आदल्या दिवशीं इतर भांड्यांबरोबर चिंच व राख ह्यांनीं त्याची यथासांग घासणीहि होई. शंभर वर्षें चाललेल्या ह्या भक्तिभावानें नाण्यावरील अक्षरें जवळजवळ नाहींशीं केलीं. तीं पुन्हां कशीं वाचलीं गेलीं, आणि त्यापायीं मला वयाच्या बासष्टाव्या वर्षीं तुर्कस्तानच्या अगदीं कडेच्या एका गांवीं कसें जावें लागलें, तें सांगण्यासाठीं हा लेख आहे.

प्रथम तात्यांविषयीं. ते लष्कराच्या रसद खात्यांत कारकून होते आणि सहाव्या पुणें डिव्हिजनबरोबर बसऱ्यास गेले. ह्या डिव्हिजनमध्यें मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या, त्यामुळें त्या काळीं सातारा जिल्ह्यांतल्या कित्येक गांवांचे डोळे त्या दूरच्या वाळवंटाकडे लागलेले होते. जनरल टाउनशेंडच्या हाताखालचें हें सैन्य १९१५ च्या डिसेंबरांत कुत-अल-अमारा येथें वेढलें गेलें आणि १४७ दिवसांनीं, २९ एप्रिल १९१६ रोजीं, उपासमारीनें टेकीस येऊन शरण गेलें. शेवटच्या महिन्यांत घोड्याच्या मांसावांचून खाण्यास फारसें कांहीं उरलें नव्हतें. हिंदी शिपायांनीं तें कित्येक आठवडे नाकारलें. पुढें हिंदुस्थानांतून धर्मगुरूंच्या परवानग्या बिनतारी यंत्रानें मागविण्यांत आल्या, आणि अखेर पुष्कळांनीं तें खाल्लें. शरणागतीनंतर कैद्यांस सामऱ्यापासून पायीं हांकीत, मोसुलवरून, बगदाद रेल्वेचें काम चाललें होतें त्या रास-अल-ऐनकडे नेण्यांत आलें. वाटेंत हजारों मेले. ज्या मार्गानें हे कैदी गेले, त्याच प्रदेशांतून वर्षभरापूर्वीं आर्मेनियन लोकांचे तांडे मरणाच्या वाटेनें नेले गेले होते.

तात्या १९१९ सालीं घरीं परतले. समुद्रोल्लंघन आणि परक्यांच्या हातचें अन्न ह्यांबद्दल त्यांना प्रायश्चित्त घ्यावें लागलें, आणि तें होईपर्यंत त्यांचें पान वेगळें मांडलें जाई, असें यमूआत्यांनीं आपल्या आईकडून ऐकलेलें. घरांतील वडीलधाऱ्यांना एकच प्रश्न विचारावयाचा होता, आणि तो कोणता हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. तात्यांनीं त्याला कधींहि उत्तर दिलें नाहीं. ‘होय’ म्हणाले नाहींत, ‘नाहीं’ म्हणाले नाहींत. प्रायश्चित्त आटोपल्यावर त्यांनीं कनवटीचें तें नाणें काढून देव्हाऱ्यांत ठेवलें. कोठून आणलें असें कोणीं विचारलें, तर एवढेंच म्हणत, “तेथें एक नदी होती. पाणी गोड होतें.” पुढें ते तीस वर्षें जगले, पण ह्या दोन वाक्यांपलीकडे त्या तीन वर्षांचा हिशेब त्यांनीं कोणास दिला नाहीं.

२०२० सालच्या टाळेबंदींत माझी पुतणी चि. मुक्ता घरीं अडकून पडली होती. ती इतिहासाची पदवीधर. घरांतील जुनी दप्तरें चाळून झाल्यावर तिची नजर देव्हाऱ्याकडे वळली. यमूआत्यांची परवानगी काढून तिनें नाणें सोनारकांट्यावर तोललें. वजन अकरा ग्रॅम, म्हणजे जुन्या तोळ्याहून किंचित् कमी. व्यास सव्वीस मिलिमीटर. मग खिडकीशीं बसून, तिरप्या उन्हांत नाणें फिरवीत तिनें काठावरील अक्षरांचे अवशेष उतरून घेतले. तीं ग्रीक होतीं. सलग अशीं चारच लागलीं, ‘सिबि’. तिनें पुढें जें केलें तें समजण्यासाठीं ह्या शास्त्राची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

रोमन साम्राज्य म्हटलें कीं एक बादशहा आणि एक नाणें असें आपल्या मनांत येतें. वस्तुस्थिति तशी नव्हती. सोन्याचीं आणि पुष्कळशीं रुप्याचीं नाणीं बादशाही टांकसाळींतून निघत. परंतु बाजारांत भाजीपाला, तेल, आंघोळीचें शुल्क देण्यास लागणारें हलकें नाणें पूर्वेकडील शहरें स्वतःच पाडीत. अशीं नाणीं पाडणारीं शहरें पांचशेंहून अधिक होतीं. पुढच्या बाजूस बहुधा बादशहाचा मुखवटा असे, पण मागची बाजू गांवाची. तेथें प्रत्येक शहर आपलें ग्रामदैवत, आपलें देऊळ, आपली नदी, आपल्या पुराणांतील वीर, आपल्या जत्रेंतील खेळ कोरीत असे आणि भाषाहि बहुधा आपलीच, म्हणजे ग्रीक, वापरीत असे. फ्रिजियांतील अपामिया नांवाच्या शहरानें तर आपल्या नाण्यांवर जलप्रलयांतील नोहाची पेटी नांवासह कोरली, कारण त्या शहराचें टोपणनांवच ‘पेटी’ असें होतें. पश्चिमेकडे ही चाल पहिल्या शतकांतच बंद पडली. पूर्वेकडे ती तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकली, आणि अलेक्झांड्रियाची टांकसाळ सर्वांच्या शेवटीं, २९६ च्या सुमारास, थंडावली.

ह्या नाण्यांकडे विद्वानांचें लक्ष फार उशिरां गेलें. ग्रीक नाण्यांचे शौकीन म्हणत, हीं उतरत्या काळचीं व ओबडधोबड. रोमन नाण्यांचे शौकीन म्हणत, हीं आमचीं नव्हेतच. सासरीं नको, माहेरींहि नको, अशी त्यांची अवस्था होती. व्हिएन्नाच्या एखेल नांवाच्या पंडितानें १७९२ पासून १७९८ पर्यंत आठ खंडांत प्राचीन नाण्यांचें शास्त्र बांधलें, तेव्हां शहरवार मांडणी करून त्यानें ह्या अनाथांना प्रथम घर दिलें. पुढें ब्रिटिश म्यूझियमनें प्रांतवार याद्या छापल्या. त्यांतील अरबस्तान, मेसापोटेमिया व इराण ह्यांची यादी जॉर्ज हिल ह्यांनीं १९२२ सालीं प्रसिद्ध केली. पण साऱ्या साम्राज्याची एकत्र मोजदाद व्हावयास विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. लंडनचे बर्नेट, पॅरिसचे आमांद्री आणि स्पेनमधील रिपोयेस ह्या तिघांनीं १९९२ सालीं ‘रोमन प्रांतिक नाणीं’ ह्या महाकोशाचा पहिला खंड काढला. ज्यूलियस सीझरच्या वधापासून सन ६९ पर्यंतचाच त्याचा आवांका. तरी त्यांत पांच हजारांहून अधिक प्रकार नोंदले आहेत. हें काम अजून चालू असून ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन संग्रहालयाच्या आश्रयानें तो कोश आतां महाजालावर कोणासहि विनामूल्य पाहतां येतो. वाईच्या माजघरांत बसलेल्या मुलीला त्याचें दार उघडें झालें तें ह्यामुळें.

अभ्यासाची खरी गुरुकिल्ली मात्र ठशांत आहे. प्राचीन नाणें दोन ठशांमध्यें तापलेली चकती ठेवून, वरून हातोड्याचा घाव घालून पाडीत. प्रत्येक ठसा कारागीर हातानें खोदी. त्यामुळें एका ठशाचीं सर्व नाणीं एकमेकांसारखीं, आणि दुसऱ्या ठशाचीं कोठेंतरी केसभर निराळीं. कोठें अक्षर खांबाला टेकलेलें असतें, कोठें दोन बोटें दूर असतें. असे ठसे ताडून पाहिले म्हणजे कोणतें नाणें आधीं, कोणतें मागून, किती ठसे झिजले, हें उमगतें. कोनराट क्राफ्ट नांवाच्या जर्मन पंडितानें १९७२ सालीं ह्याच रीतीनें दाखवून दिलें कीं, आशिया मायनरमधील निरनिराळीं शहरें पुष्कळदां एकच ठसा वापरीत; म्हणजे प्रत्येक गांवाची स्वतंत्र टांकसाळ नसून एकेक कारखाना अनेक गांवांचें काम करी. आपल्याकडील जाणकारांना हा मार्ग अपरिचित नाहीं. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें नहपान क्षत्रपाचीं तेरा हजारांवर रुप्याचीं नाणीं सांपडलीं. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हां ठोकलेला होता. एका राज्याचा अस्त आणि दुसऱ्याचा उदय एवढ्याशा चकतीवर एकाखालीं एक वाचतां आला, तो ठशांच्याच अभ्यासामुळें.

मुक्तेनें कोश उघडून ‘देऊळ, देवी, मेंढा, नदी’ अशा खुणांनीं शोध घेतला. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं तिनें मला हांक मारली. पडद्यावर एका युरोपियन संग्रहालयांतील नाण्याचें चित्र होतें. तेंच देऊळ, पिळाचे तेच खांब, तोच मागें वळून पाहणारा मेंढा. मेंढ्याचा पुढचा खूर काठावरील एका अक्षराला जेथें स्पर्श करीत होता, नेमका तेथेंच आमच्याहि नाण्यावर करीत होता. दोन्ही नाणीं एकाच ठशाखालून निघालेलीं होतीं. त्या चांगल्या प्रतीवर सारा लेख शाबूत होता. ‘युलिया सेप्तिमिया कोलोनिया नेसिबि, मेत्रोपोलिस’ ह्या शब्दांचीं तीं आद्याक्षरें होतीं. शहर निसिबिस, बादशहा फिलिप, काळ सन २४४ ते २४९. ‘सेप्तिमिया’ हें बिरुद निसिबिसला वसाहतीचा मान देणाऱ्या सेप्तिमियस सेव्हेरसचें. आणि त्याच्या आधीं ‘युलिया’ जोडलें गेलें तें फिलिपच्या युलियस ह्या कुलनामावरून. ह्या एका शब्दानेंच, मुखवटा पुसला तरी, काळ ठरतो. देवी म्हणजे तटबंदीचा मुकुट घातलेली नगरलक्ष्मी. वर मेष रास. आणि पायांखालीं हात पसरणारा तो पुरुष असुर नव्हता. तो पोहत होता. ती शहराची नदी होती, मिग्दोनियस.

हें ऐकतांच मला तात्यांचीं तीं दोन वाक्यें आठवलीं. निसिबिस म्हणजे आजचें नुसायबिन, आणि मोसुलहून रास-अल-ऐनकडे जाणारी कैद्यांची वाट नुसायबिनवरूनच जाते.

तेव्हां जाण्याचा योग आला नाहीं. तो २०२४ च्या ऑक्टोबरांत आला. सौभाग्यवती, मुक्ता व मी असे तिघे इस्तंबूलहून विमानानें मार्दिनला उतरलों. नाणें बरोबर नेलें नाहीं. तुर्कस्तानांत जुनीं नाणीं ही सरकारची मालमत्ता समजली जाते आणि तीं देशाबाहेर नेणें हा गुन्हा आहे. आमचें नाणें शंभर वर्षांपूर्वींचें हें परतीच्या वेळीं जकातनाक्यावर कोणास पटवून द्यावें? म्हणून मुक्तेनें त्याचा प्लॅस्टरचा छाप घेतला. छायाचित्रणाच्या पूर्वीं विद्वान लोक एकमेकांस असेच छाप पाठवीत, तेव्हां आम्हीं जुन्याच परंपरेस धरून होतों असें म्हणण्यास हरकत नाहीं.

मार्दिन हें शहर डोंगराच्या उतरणीवर पायऱ्यापायऱ्यांनीं बसलेलें आहे. घरें मधासारख्या पिवळ्या दगडाचीं, त्यांवर वेलबुट्टीचें कोरीव काम. १८९५ सालच्या एका सीरियन कॅथॉलिक धर्मपीठाच्या इमारतींत तेथील संग्रहालय आहे. परंतु मार्दिनचें खरें वैभव म्हणजे गच्चीवरून दक्षिणेकडे दिसणारें मैदान. डोंगर संपतो आणि एकदम मेसापोटेमिया सुरू होतो. सपाट, करडें, क्षितिजापर्यंत. महाबळेश्वराच्या कड्यावरून कोंकण पाहणाऱ्यास त्या दृश्याची थोडी कल्पना येईल, मात्र येथें खालीं हिरवळ नाहीं. नांगरलेल्या कोरड्या जमिनीचे पट्टे आणि त्यांवर तरंगणारी धूळ. ह्याच धुळींतून ते लोक चालत गेले, हा विचार मनांतून जाईना. सौभाग्यवती बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत, मग म्हणाल्या, “अनवाणी असतील का हो?”

नुसायबिन तेथून पन्नाससाठ किलोमीटर. वाटेंत दारा येथें थांबलों. सहाव्या शतकाच्या आरंभीं, निसिबिस हातचें गेल्यावर, त्याच्या तोंडाशींच रोमनांनीं हा किल्ला बांधला. खडकांत खोदलेलीं थडगीं आणि जमिनीखालचे पाण्याचे प्रचंड हौद अजून उभे आहेत. हौदांतून बाहेर येतों तों दहाबारा वर्षांचा एक मुलगा जवळ आला. मूठ उघडून त्यानें तीन नाणीं दाखविलीं. दोन उघड उघड ओतीव व नकली होतीं. कडेवर सांध्याची रेघ स्पष्ट दिसत होती. तिसरें मात्र मातीनें माखलेलें, आणि बहुधा खरें. किंमत त्यानें इतकी थोडी सांगितली कीं आपल्याकडे तेवढ्यांत दोन वेळचें जेवण होणार नाहीं. माझा हात खिशाकडे गेला होता हें मी कबूल करतों. मुक्तेनें मान हलविली. मुलगा गेल्यावर ती म्हणाली, “काका, तें नाणें कोठल्या थरांत, कशाबरोबर पडलें होतें, हें आतां कोणालाच कधीं कळणार नाहीं. उद्यां आपण विकत घेतों हें कळलें, तर तो आणखी खणील.”

मी म्हणालों, “आणि तात्यांनीं काय केलें?” तिच्याजवळ उत्तर नव्हतें, आणि माझ्याजवळहि नव्हतें. गाडींत बसल्यावर बराच वेळ आम्ही दोघेंहि आपापल्या खिडकीबाहेर पाहत होतों.

नुसायबिन गांवाचा मोठा भाग २०१६ सालच्या चकमकींत उद्ध्वस्त झाला; त्या जागीं आतां नव्या, एकसारख्या इमारती उभ्या आहेत. गांवाच्या दक्षिण कडेस सीरियाची सरहद्द, आणि पलीकडे कामिश्ली शहराचीं घरें इतकीं जवळ कीं गच्चीवरचे कपडे दिसावेत. सरहद्दीची कथाहि आमच्या तात्यांच्या कथेशीं जोडलेली आहे. ज्या बगदाद रेल्वेसाठीं कैद्यांनीं माती वाहिली, तीच रेल्वे १९२१ च्या करारानें तुर्कस्तान व सीरिया ह्यांमधील सीमारेषा ठरली. पोटासाठीं आणि फटक्यांच्या भयानें घातलेला तो मातीचा भराव दोन राष्ट्रांची हद्द होऊन बसला. आतां तेथें सिमेंटची उंच भिंत आहे. त्या सरहद्दीच्या पट्ट्यांत, कोणास जातां न येणाऱ्या जागेंत, प्राचीन निसिबिसचे कांहीं स्तंभ उभे आहेत. ते दुरूनच पाहावे लागले.

जवळून पाहतां आलें तें मार याकूबचें चर्च. निसिबिसचा पहिला विख्यात धर्माध्यक्ष याकूब ह्याची दगडी शवपेटी तेथील तळघरांत आहे, आणि भिंतीवरील ग्रीक लेखांत बांधकामाचें ३५९ हें साल नोंदलेलें आहे. आसपास खोदकाम झालेलें असून चर्चच्या शेजारींच झैनुल आबिदीनची मशीद आहे. हें शहर दोन साम्राज्यांच्या उंबरठ्यावरचें. २९८ च्या तहानंतर रोम व इराण ह्यांमधील सारा व्यापार ह्या एका नाक्यावरूनच व्हावा असें ठरलें होतें. शापूर शहानें त्याला तीनदां वेढा घातला. तिसऱ्या वेळीं, ३५० सालीं, त्यानें मिग्दोनियस नदीचेंच पाणी अडवून तटावर सोडलें आणि तट ढासळला. तरी लोकांनीं रातोरात भिंत उभारून शहर राखलें. लढाईनें जें गेलें नाहीं, तें कागदानें गेलें. ३६३ सालीं जोव्हियन बादशहानें तहांत निसिबिस इराणला देऊन टाकलें आणि तेथील लोकांना घरेंदारें सोडून बाहेर पडावें लागलें. नाण्यावर नगरलक्ष्मीच्या पायांशीं लीन झालेली नदी शंभर वर्षांनीं शत्रूच्या कामीं आली, हा विचार त्या भिंतीपाशीं उभें राहिल्यावर मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

नदीचें आजचें नांव चाघचाघ. उत्तरेकडील डोंगरांतून ती येते आणि गांवांतून वाहत सीरियांत शिरते. ऑक्टोबरांत पात्रांत पाणी थोडें होतें. आम्हीं कांठावर उतरलों. मुक्तेनें प्लॅस्टरचा छाप तळहातावर धरला. देऊळ, देवी, मेंढा, आणि खालीं पोहणारी नदी. समोर तीच नदी. मीं ओंजळींत पाणी घेतलें, पण तें पिण्याचें धाडस झालें नाहीं. डोळ्यांना लावून सोडून दिलें. मोसुलपासून रणांतून चालत आलेल्या माणसाला ह्या पाण्याची गोडी कशी लागली असेल, हें मला बाटलींतलें पाणी पिऊन कळणार नव्हतें.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. हें नाणें तात्यांनीं ह्याच नदीकांठीं उचललें असें मला सिद्ध करतां येत नाहीं. शहरांचीं हलकीं नाणीं बहुधा आसपासच्या मुलुखांतच फिरत, म्हणून तीं सांपडल्या जागेची साक्ष देतात, हा शास्त्राचा सामान्य नियम खरा. परंतु युफ्रेटीसच्या कांठीं दुरा-युरोपोस येथें १९२८ ते १९३७ ह्या काळांत येल विद्यापीठानें जें उत्खनन केलें, त्यांत निसिबिसचीं नाणींहि निघालीं. फौजेबरोबर तीं एवढीं दूर गेलीं होतीं. तेव्हां मोसुलच्या बाजारांत कोणीं तें तात्यांना दिलें असेल, किंवा रास-अल-ऐनच्या मातकामांत पहारीखालीं लागलें असेल. त्या रास-अल-ऐनचेंहि प्राचीन नांव रेसाइना. त्याच्या नाण्यांवर बैल जुंपून नांगरणारा वसाहतकार आणि रोमच्या तिसऱ्या पलटणीचें निशाण असे, आणि त्यांवर कास्टेलिन ह्या अभ्यासकानें १९४६ सालीं स्वतंत्र पुस्तक लिहिलें आहे. नाण्यानें आम्हांला प्रांत सांगितला, वाट सांगितली, कदाचित् नदीहि सांगितली. तात्यांनीं कुतमध्यें काय खाल्लें तें मात्र नाण्यानें सांगितलें नाहीं, आणि सांगूं नये हेंच बरें. तो प्रश्न विचारणाऱ्यांपैकीं कोणीहि पांच महिने उपाशी राहिलेलें नव्हतें.

घरीं परत आल्यावर माजघरांत सर्वजण जमले. चिरंजिवांचें मत पडलें कीं नाणें संग्रहालयास द्यावें. धाकट्या बंधूंचें मत, ज्या देशाचें त्या देशाच्या वकिलातींत द्यावें. मी स्वतः दोन्हीकडे झुकत होतों. दाऱ्याच्या त्या मुलाची उघडी मूठ माझ्या डोळ्यांपुढें होती. शेवटीं सर्वजण यमूआत्यांकडे पाहूं लागले. त्या अठ्ठ्याऐंशींच्या आहेत, कान अजून तीक्ष्ण. मुक्तेनें त्यांना नदीचीं चित्रें दाखवून पायांखालचा पुरुष असुर नव्हे, नदी आहे, हें समजावून सांगितलें. त्या कांहीं वेळ नाण्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे इतकीं वर्षें मी नदीला कुंकू लावीत होतें. मग कांहीं चुकलें नाहीं.” थोड्या वेळानें स्वतःशींच बोलल्यासारख्या म्हणाल्या, “तात्यांनीं सांगितलें होतें कीं, नदी होती म्हणून. आम्हीच ऐकलें नाहीं.”

नाणें कोणास द्यावें ह्याचा निकाल त्या दिवशीं लागला नाहीं, आणि अजूनहि लागलेला नाहीं. तूर्त असें ठरलें कीं त्याचीं छायाचित्रें, वजन व माप कोशाच्या संपादकांकडे पाठवावीं, म्हणजे नाणें कोठेंहि असलें तरी त्याची साक्ष अभ्यासकांस उपयोगी पडेल. नाण्यासोबत एक कागद ठेवला आहे. त्यावर तात्यांचें नांव, १९१६ ते १९१९ हीं सालें, त्यांचीं दोन वाक्यें आणि आम्हांस काय कळलें व काय कळलें नाहीं, एवढें लिहिलें आहे. चिंच बंद झाली. कुंकू अजून लागतें, पण तें नाण्याखालच्या पाटास.

वाचकांपैकीं कित्येकांच्या देव्हाऱ्यांत, फडताळांत किंवा आजीच्या बटव्यांत अशीं नाणीं असतील. एडनला, बसऱ्याला, पूर्व आफ्रिकेला नोकरीनिमित्त गेलेल्या कोणा पूर्वजानें तीं आणलीं असतील. त्यांस घासूं नका, पुसूंहि नका. वजन करा, दोन्ही बाजूंचें चित्र तिरप्या उजेडांत घ्या. आणि घरांत कोणीं वडील माणूस असेल, तर नाणें कोणीं आणलें व देतांना तो काय म्हणाला, तें आजच विचारून लिहून ठेवा. अक्षरें झिजलीं तर दुसऱ्या एखाद्या प्रतीवरून तीं परत वाचतां येतात. माणसाच्या बोलण्याची मात्र दुसरी प्रत नसते.